जेनोवात अडकलेला शुक्रवार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीच्या कामासाठी इटलीतल्या जेनोवाला आलात, काम गुरुवारीच आटोपलं, शुक्रवारी रेल्वेचा संप आणि मिलानहून विमान शनिवारी रात्री. म्हणजे शुक्रवार आख्खा मोकळा. परदेशात एकटीने कधी फिरलेल्या नाही, इटालियन येत नाही, पूर्ण शाकाहारी आहात आणि काहीच ठरवलेलं नाही. चिंक्वे तेर्रेला, म्हणजे समुद्रकाठच्या त्या पाच गावांना, जाऊन येता येईल का, नाहीतर जेनोवात पाहायचं काय, आणि दिवस फुकट जाईल अशी धास्ती वाटते, असं लिहिलंत.

मी मराठी मंडळींचे गट घेऊन इटलीत जाते, तेच माझं काम. गटाच्या वाट्याला जेनोवा फार तर अर्धा दिवस येतं. मत्स्यालय, कोलंबसचं घर, फोटो, की चला बसमध्ये. एक गट विमानात बसवला आणि दुसरा अजून यायचाय, अशा मधल्या रिकाम्या दिवसांत मात्र मी या शहरात एकटी हिंडते. म्हणून थोडं मोकळेपणाने सांगते.

चिंक्वे तेर्रे सोडून द्या. संपाच्या दिवशी इटलीत प्रादेशिक गाड्या कायद्याने साधारण सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ एवढ्याच वेळात चालवाव्या लागतात. मधल्या वेळी सुटल्या तर सुटल्या. सकाळी पोचलात तरी संध्याकाळपर्यंत त्या पाच चिमुकल्या गावांत अडकाल, आणि डोक्यात दिवसभर परतीची गाडी फिरत राहील. मोकळ्या दिवसाची याहून वाईट वाट लावता येणार नाही. शहरातच राहा. संप फक्त रेल्वेचा असेल तर शहरातल्या बसगाड्या, लिफ्ट आणि दोरखंडाने ओढली जाणारी डोंगरगाडी चालू असतात. तरी सकाळी हॉटेलात एकदा विचारून घ्या, कारण कधी कधी दोन्ही संप एकाच दिवशी येतात.

आता ‘काय पाहू’. यादी मी देणार नाही. एकट्या माणसाच्या हातात यादी दिली की तो ती संपवायला धावतो. जेनोवासाठी दोनच गोष्टी ठरवा: उंचावर कधी जायचं आणि जेवायचं कधी. बाकीचा दिवस शहरावर सोडा.

उंची का, ते तिथे उभं राहिलं की कळतं. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये या शहराला सपाट जागा जवळजवळ मिळालेलीच नाही. त्यामुळे ते वर चढलं. घरावर घर, वरच्या घराचं अंगण खालच्या घराच्या गच्चीच्या पातळीला. आणि चढायला सार्वजनिक लिफ्ट. इमारतीतल्या नव्हेत, रस्त्यावरच्या. कोणीही बाई भाजीची पिशवी घेऊन त्यात शिरते आणि वरच्या मोहल्ल्यात बाहेर पडते.

सकाळी पहिलं काम हेच करा. पोर्तेल्लो चौकातून एक लांब बोगदा आत जातो, भिंतींना जुन्या फरशा लावलेल्या, आणि शेवटी कास्तेल्लेत्तोची लिफ्ट. वर गेलात की सज्जासारखी एक मोकळी जागा आहे. तिथून जुनं शहर पायाखाली पसरलेलं दिसतं: पाटीच्या दगडाची करडी छपरं, त्यांच्यामधून वर आलेले चर्चचे मनोरे, पलीकडे क्रेन, त्याच्या पलीकडे पाणी आणि पश्चिमेला लांतेर्ना हा दीपस्तंभ. आजचा मनोरा १५४३ सालचा, सत्त्याहत्तर मीटर उंच. अर्धा तास तिथे काढा. वरून पाहिलेलं शहर खाली उतरल्यावर कामाला येतं. बोळात हरवलात तरी डोंगर कुठे आणि पाणी कुठे, हे डोक्यात पक्कं असतं.

तुमचं हॉटेल प्रिंचिपे स्टेशनजवळ असेल तर आणखी एक लिफ्ट आहे, ती मला जास्त आवडते. वीया बाल्बीवरून आत शिरलं की तिची खोली आधी रुळांवरून आडवी डोंगराच्या पोटात जाते, मग थांबते, आणि तीच खोली उभी वर चढू लागते. वर दाल्बेर्तीस नावाच्या दर्यावर्दी कप्तानाने बांधलेला किल्लेवजा वाडा आहे, त्यात जगभरच्या वस्तूंचं संग्रहालय. आत नाही गेलात तरी चालेल. लिफ्टसाठी जा.

खूपच वर जायची हौस असेल तर लार्गो देल्ला झेक्काहून डोंगरगाडी रीगीला जाते, जवळपास तीनशे मीटर उंचीवर. तिथे वारा असतो आणि जुन्या तटबंदीच्या वाटा. दिवस एकच असेल तर मी कास्तेल्लेत्तोवर समाधान मानते.

उतरताना लिफ्ट घेऊ नका, पायऱ्यांनी या. खाली वीया गारिबाल्दी लागेल. रस्ता अडीचशे मीटरचा, पण दोन्ही बाजूंना सोळाव्या शतकातल्या सावकारांचे वाडे. त्या काळी जेनोवाच्या प्रजासत्ताकाकडे राजवाडा नव्हता. परदेशी राजे, राजदूत, धर्मगुरू आले की त्यांना उतरवायचं कुठे? १५७६ साली सिनेटने श्रीमंतांच्या वाड्यांची प्रतवारीने यादीच केली, आणि कोणत्या दर्जाचा पाहुणा कोणाच्या घरी उतरवायचा ते तीवरून ठरू लागलं. पाहुणचार हे सरकारी कर्तव्य. या यादीतले काही वाडे २००६ पासून जागतिक वारसा आहेत. रोस्सो, बियांको आणि तुर्सी हे तीन वाडे संग्रहालय म्हणून उघडे असतात, एका तिकिटात. तुर्सीमध्ये प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानीनीचं व्हायोलिन ठेवलंय. चित्रांची आवड नसेल तर तिकीट काढू नका. बहुतेक वाड्यांची फाटकं दिवसा उघडी असतात, आतला चौक आणि जिना फुकट पाहता येतो. एक मात्र पाहा: भिंतींवरच्या खिडक्या, खांब, पुतळे यांतलं बरंच काही रंगवलेलं असतं. खरी खिडकी आणि चितारलेली खिडकी शेजारी शेजारी, आणि रस्त्यावरून फरक कळत नाही.

गारिबाल्दीवरून कुठलाही बोळ धरून खाली उतरा. या बोळांना तिथले लोक कारुज्जी म्हणतात. काही इतके अरुंद की दोन्ही भिंतींना हात लागतात. ऊन दुपारी थोडा वेळ वरच्या पट्टीतून डोकावतं, तेवढंच. वळणावळणावर उंच कोनाड्यांत मरियमच्या मूर्ती आहेत.

इथे फोनवर विसंबू नका. उंच भिंतींमध्ये नकाशावरचा निळा ठिपका दोन गल्ल्या इकडे तिकडे नाचत राहतो. त्यात जेनोवात घरक्रमांकांच्या दोन वेगळ्या मालिका आहेत: घरांचे आकडे काळे, दुकानांचे लाल. म्हणजे एकाच रस्त्यावर बारा नंबर दोन, आणि दोघांमध्ये भलतं अंतर. दुकानाच्या पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ असेल तर लाल आकडा शोधायचा. पत्ता शोधताना माणसं इथे हमखास चिडतात. तुम्हाला कुठे पोचायचंच नाही, ही तुमची आजची श्रीमंती. हरवलंय असं वाटलं तर उतार धरा. उतार बंदराकडेच जातो.

बोळांतून सान लोरेंझोच्या चर्चपाशी आलात, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दगडी इमारत, की आत जरूर जा. उजव्या बाजूला एक तोफगोळा उभा करून ठेवलाय, जवळजवळ माणसाएवढा. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश आरमाराने समुद्रातून शहरावर मारा केला, त्यातला हा गोळा छत फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. कोलंबसचं म्हणून दाखवतात ते घर अठराव्या शतकात पुन्हा बांधलेलं आहे, बाहेरून पाहिलं तरी खूप झालं. गटाला मी आत नेते, कारण कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलेलं असतं.

आता जेवण, कारण एकटीच्या दिवसाची खरी कसोटी इथेच लागते. आपल्याकडे दुपारी साडेतीनलाही कुठेतरी इडली मिळते. इथे स्वयंपाकघर साधारण साडेबाराला उघडतं, अडीचला बंद होतं, ते थेट संध्याकाळी साडेसातला पेटतं. जुन्या भागातली बरीच दुकानंही साडेबारा ते साडेतीन बंद. भटकण्याच्या नादात तीन वाजले, पोटात आग आणि सगळीकडे खाली ओढलेली शटरं, मग माणूस बंदरावरच्या पर्यटकी हॉटेलात गोठवलेला पिझ्झा खातो आणि शहराला नावं ठेवतो. फोनमध्ये साडेबाराचा गजर लावा. बाकी काही लावू नका.

एकटीने टेबलावर बसायचा संकोच वाटतो, असंही तुम्ही लिहिलंय. जेनोवा त्यासाठी सोयीचं शहर आहे, कारण इथलं सगळ्यात चांगलं खाणं उभ्याने, कागदात गुंडाळून खातात. बंदर म्हटलं की हमाल, खलाशी, ओझेवाले आलेच, त्यांच्या घाईतून ही दुकानं उभी राहिली. सकाळी फोकाच्चा: जाडसर, ऑलिव्ह तेलात न्हालेला, वरून खडे मीठ. वजनावर मिळतो. इथले लोक तो कापुच्चिनोत बुडवून खातात, बिचकू नका. विकत घेताना ‘स्त्रुत्तो’ घातलंय का, एवढं विचारा. ती डुकराची चरबी. पारंपरिक जेनोवी फोकाच्चात तेल असतं, पण विचारलेलं बरं.

दुपारी फारिनाता शोधा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस. काही तास भिजवून ठेवलेलं हे पातळ पीठ मोठ्या कल्हई केलेल्या तांब्याच्या परातीत ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. वरून खरपूस, आत मऊ, वर मिरपूड. पहिल्या घासाला तुम्हाला पिठल्याच्या वडीची आठवण येईल. गटातल्या आजी हे खाऊन “अगं बाई, हे तर आपलंच” म्हणतात आणि पुन्हा रांगेत उभ्या राहतात. अशा दुकानांना तिथे शामाद्दा म्हणतात, पांढऱ्या फरशांच्या भिंती आणि आत धगधगती भट्टी हीच त्यांची खूण. परात संपली की पुढची भाजेपर्यंत थांबावं लागतं. थांबा. गार फारिनाता घेऊ नका. काही ठिकाणी त्यात बारीक मासे घालतात, ते आधी पाहून घ्या.

टेबलावर बसून जेवायचंच असेल तर पेस्तो मागवा. मूळ जेनोवाचाच. तुळशीच्या जातीतली बेझिल, लसूण, चिलगोजे, चीज, तेल. सोबत बटाटा आणि फरसबी घातलेली पास्ता मिळाली तर तीच अस्सल. एक मात्र सांगायला हवं: त्यातलं पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात. कडक पाळत असाल तर पेस्तो तुमच्यासाठी नाही, फारिनाता बिनधास्त खा. पालेभाजी आणि रिकोत्ता भरलेले पान्सोती, वर अक्रोडाची चटणी, हेही अनेकांना आवडतं, पण त्यातही चीज आलंच. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून दोन-तीन युरो जास्त दिसतील. ते बसण्याचे पैसे, फसवणूक नव्हे. कॉफी मात्र काउंटरवर उभ्याने घ्या, बसलात की भाव वाढतो.

दुपारचं काय? गावातले लोक जेवून आडवे होतात, दुकानं बंद असतात, तेव्हा मी स्टाल्येनोला जाते. ती दफनभूमी आहे. नाक मुरडू नका. शहराच्या मागच्या खोऱ्यात, बसने साधारण वीस मिनिटं, १८५१ मध्ये उघडलेली, आणि तिच्या लांबच लांब ओवऱ्यांत एकोणिसाव्या शतकातल्या जेनोवी कुटुंबांनी उभारलेले संगमरवरी पुतळे. देवदूत आहेतच, पण खरी गंमत माणसांची आहे. मृत नवऱ्याच्या अंगावरची चादर उचलून पाहणारी बायको, झालरीच्या प्रत्येक टाक्यासकट.

त्यात एक कातेरीना काम्पोदोनिको शोधा. जत्रांमधून हेझलनटच्या माळा आणि बिस्किटं विकणारी बाई. आयुष्यभर पैसे साठवून तिने १८८१ मध्ये, स्वतः जिवंत असताना, शहरातल्या श्रीमंतांसाठी काम करणाऱ्या ओरेंगो या शिल्पकाराकडून आपला पुतळा करून घेतला. लेसची झालर, भरजरी शाल आणि हातात माळा व बिस्किटं. सावकारांच्या रांगेत ती आपला माल दाखवत ताठ उभी आहे. एकट्या बाईने एकटीने पाहावा असा हा पुतळा आहे, एवढंच म्हणते.

वर झाडीत, डोंगराच्या उतारावर इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या मॅझिनीची समाधी आहे. दोन जाड बुटके खांब आणि वर नुसतं नाव. मराठी माणसाला हे नाव परकं नाही. सावरकरांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद केला, तो १९०७ मध्ये छापून आला आणि लवकरच सरकारने जप्त केला. मॅझिनी जेनोवाचाच, १८०५ मध्ये वीया लोमेल्लीनीवरच्या घरात जन्मला. त्या घरात आज संग्रहालय आहे. गटातले काही काका स्टाल्येनोचा हट्ट धरतात, आणि बसचालकाचे तास मोजत मी त्यांना नाही म्हणते. तुम्हाला कोणी नाही म्हणणारं नाही. फाटक संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून दोन-अडीचपर्यंत पोचा आणि परतीच्या बसचा थांबा उतरतानाच पाहून ठेवा.

दफनभूमी नकोच वाटली तर जुन्या बंदरावर गालाता संग्रहालय आहे. जहाजांचं, आणि इथून अमेरिकेला गेलेल्या लाखो गरीब इटालियनांचं. बाहेर पाण्यात खरी पाणबुडी उभी आहे, आत शिरता येतं. मत्स्यालय मुलं सोबत असतील तर ठीक. एकटीने दोन-तीन तास रांगेत आणि काचेसमोर घालवायचं कारण नाही.

समुद्र सगळ्यात शेवटी ठेवा. जुन्या शहरातून समुद्र सहज सापडत नाही, कारण मध्ये बंदर आहे आणि बंदराच्या डोक्यावरून १९६० च्या दशकात बांधलेला उंच मोटाररस्ता जातो. गावाने स्वतःच्या डोळ्यांवर बांधलेली ही पट्टी मला आजवर पटलेली नाही. उघडं पाणी हवं तर पूर्वेला जावं लागतं. बसने फोचेपर्यंत जा आणि तिथून कोर्सो इताल्याच्या कडेने चालत सुटा. अडीच किलोमीटरवर बोक्कादास्से येतं: मासेमारांची जुनी वाडी, रंगीत घरं, गोट्यांचा छोटा किनारा, उलट्या घालून ठेवलेल्या होड्या. वाळू नाही, पायाखाली गुळगुळीत दगड. शुक्रवारी संध्याकाळी जेनोवाची अर्धी तरुण मंडळी आइस्क्रीम घेऊन तिथे बसलेली असतात, त्यामुळे एकटं वाटत नाही. पुढे नेर्वीला कड्याच्या कडेने बांधलेली फार सुंदर वाट आहे, पण तिथे जायला सोयीची गाडी रेल्वेची, म्हणून या वेळी राहू द्या.

सुरक्षिततेबद्दल विचारलंत. दिवसा जुन्या बोळांतून मी बेधडक फिरते. अंधार पडल्यावर मात्र स्टेशनजवळची वीया प्रे आणि गारिबाल्दीच्या खालचा माद्दालेना भाग टाळते. माद्दालेनात देहविक्रय उघड चालतो आणि नशेच्या मालाचे विक्रेते उभे असतात. अंगावर सहसा कोणी येत नाही, पण निर्मनुष्य बोळात घाई करत चालणं नको. रात्री वीया बाल्बी किंवा वीया वेंती सेत्तेम्ब्रे असे रुंद, उजेडाचे रस्ते धरा. खिसेकापू स्टेशनात आणि गर्दीच्या बसमध्ये. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, त्याची प्रत जवळ, थोडे युरो वेगळ्या खिशात. मदतीचा नंबर ११२.

पाऊस आला तर? शरद ऋतूत इथे डोंगरावरून पाणी इतक्या वेगाने उतरतं की २०११ आणि २०१४ मध्ये शहरात पूर येऊन माणसं गेली. त्यामुळे लाल इशारा लागला की शाळा, बागा, दफनभूमी, बरंच काही बंद ठेवतात. साधा पाऊस असेल तर स्टाल्येनोऐवजी रोस्सो वाडा, आणि बंदरासमोरच्या सोत्तोरीपाच्या जुन्या कमानींखालून कोरडं फिरणं. लाल इशारा असेल तर हॉटेलातच राहा, ओढ्यानाल्यांच्या बाजूला जाऊ नका.

शनिवारची परतीची गाडी शुक्रवारी रात्रीच फोनवर तपासून ठेवा. संप संपल्यावरही सकाळच्या एखाद-दोन गाड्या मागेपुढे होतात. प्रिंचिपेहून मिलानचं मुख्य स्टेशन पावणेदोन तासांच्या आसपास, तिथून विमानतळाची गाडी आणखी जवळजवळ तासभर. विमान रात्रीचं असलं तरी दुपारी एकच्या आत जेनोवा सोडा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायला विसरू नका. तिकीट असूनही दंड भरणारे आपले लोक मी दर मोसमात पाहते.